नसलेल्या पुलावरून पाच येन

नव्वदच्या दशकात माझ्या जपानी सासूबाई एका टूरबरोबर स्पेन पाहून आल्या आणि तिथल्या रोमन पुलाचे फोटो महिनाभर घरात मिरवत होत्या. "अजून उभा आहे बघ," त्या म्हणायच्या, आणि लगेच, "पण आपलाही काही कमी नव्हता हं!" आपला म्हणजे ओसाका आणि क्योतोच्या मधे, योदो नदीवर, फार जुन्या काळी एका भिक्षूने बांधलेला पूल. तो पुरात इतक्यांदा वाहून गेला की शेवटी लोकांनी नाद सोडला. म्हणजे एका रविवारी आम्ही तिघी, सासूबाई, मी आणि माझी लेक, आगगाडीने जे पाहायला निघालो, ते मुळात तिथे नव्हतंच.

गाडीतच त्यांनी विषय काढला. लेक तेव्हा पहिलीत होती. आई घरी परकी भाषा बोलते म्हणून मुलीचा गोंधळ उडतो, असं शाळेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं. मला नव्हे, त्यांना! "तेव्हा आजपासून तिच्याशी फक्त जपानी," सासूबाई हसून म्हणाल्या, "तिच्या भल्यासाठीच." नवऱ्याला हे आधीच ठाऊक होतं, म्हणून तर तो ऑफिसचं काम काढून घरी राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परकी भाषा म्हणे! लेक मराठी ऐकायची आणि उत्तर जपानीत द्यायची, एवढंच काय ते आमच्यात उरलं होतं. जपानीत मी दातांच्या डॉक्टरशी बोलत होते, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते शेजारणीला विचारत होते. पोरीला कुशीत घेऊन बोलायला मला माझीच भाषा लागायची, आणि ती मी सोडणार नव्हते. पण डब्यात सगळे गप्प बसलेले, म्हणून मीही दातओठ खात गप्प बसले.

स्टेशनजवळ एक जुनं देऊळ होतं. एके काळी दिव्याच्या तेलाचा सगळा व्यापार तिथल्या लोकांच्या हातात होता. सासूबाईंनी आम्हा दोघींच्या हातावर पाच येनचं एकेक भोकाचं नाणं ठेवलं. तिथे ते नाणं शुभ मानतात. लेकीने आपलं नाणं देवापुढच्या पेटीत टाकलं, दोन टाळ्या वाजवल्या. मी माझं मुठीतच ठेवलं. इतकी चिडले होते की देवापुढेही मला वाकवेना.

पुलाच्या जागी एक दगड आणि एक पाटी. दंडाला पट्टा बांधलेले एक म्हातारे गाइड माहिती देत होते आणि लोक रिकाम्या पाण्याकडे बघून माना डोलावत होते. आमच्याकडे एसटी कृष्णेच्या पुलावर आली की अख्खी बस हात जोडायची आणि माझी आई खिडकीतून नाणं टाकायची. नदी दिसली की माझा हात अजून तसाच उठतो. पूल असो वा नसो, मी नाणं भिरकावलं, हात जोडले आणि चांगलं मोठ्याने, मराठीत बोलले.

म्हातारबाबा धावत आले. कमरेत वाकून, माफी मागत म्हणाले, "नदीत कचरा टाकू नका, प्लीज."

"पेटीत टाकलं तर पूजा आणि नदीत टाकलं तर कचरा?" मी जपानीतच विचारलं. ते पुन्हा वाकले. सासूबाई लाजेने लाल झाल्या होत्या. लोक आता नसलेला पूल सोडून माझ्याकडे बघत होते. बघू देत, म्हटलं.

सासूबाईंनी मला सोडून नातीला जवळ ओढून दबक्या आवाजात विचारलं, "काय म्हणाली गं तुझी आई?"

मी नदीला म्हणाले होते, "बाई गं, माझी लेक माझ्यापासून तोडू नकोस."

लेकीने आजीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, त्या सगळ्या लोकांसमोर मराठीत म्हणाली, "आई, सांगू?"

"सांग," मी म्हणाले. "आणि मोठ्याने सांग."