ड्यूटीच्या आधीचं इंजेक्शन

माझी जाऊ, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको, तपासणी केंद्राच्या दारातून दोनदा परत आली होती. सुपेल्याच्या चौकापासून थोडं आत असलेल्या त्या केंद्रात तिच्या गर्भनलिकांचा एक्स-रे काढायचा होता. आत औषध सोडतात, ते नळ्यांतून पुढे जातं की अडतं ते फिल्मवर दिसतं. पहिल्या वेळी नाव पुकारल्यावर ती उठली आणि सरळ जिना उतरून ऑटोत बसली. दुसऱ्या वेळी जिना चढलीच नाही. ही तपासणी पाळीच्या ठरावीक दिवसांतच होते, त्यामुळे एक तारीख हुकली की महिना जातो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिसरी तारीख शुक्रवारची होती. त्याआधीच्या रविवारी दुपारी ती खुर्सीपारहून आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरवर आली.

तिच्या भीतीत माझा वाटा होता. काही महिन्यांपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा लहानसा तुकडा घेण्याची तिची तपासणी झाली, तेव्हा तिने मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही होत. आमच्या घरात हे उत्तर सगळ्यालाच दिलं जातं. नवरा पोलाद कारखान्यात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर आहे. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधून घरी आला तेव्हाही तो हेच म्हणाला होता. सासूबाई मुतखड्याच्या कळांमध्ये हेच म्हणत होत्या. एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काम केलं. आधार नसलेलं वाक्य दुसऱ्याच्या बातमीतून काढून टाकणं हे माझं रोजचं काम होतं. घरातलं हे वाक्य मात्र मी न तपासता पुढे दिलं. ती तपासणी माझीही झाली होती आणि ती दुखते, हे मला माहीत होतं.

चहा ठेवायच्या आधीच ती बोलली. “ताई, या टायमाले खरं सांगजा. तुमी मागं म्हटलं का काही नाही होत. मी तिथं टेबलावरच बोंबलली.”

मी कपाटातून वही काढली. शाळेची साधी दोनशे पानी वही, मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली ठेवलेली. मूल व्हावं म्हणून माझे उपचार चार वर्षं चालले, त्या काळात मी तिच्यात नोंदी केल्या होत्या: तारीख, काय केलं, किती वेळ लागला, दहापैकी किती दुखलं, कधी थांबलं. विशेषणं नव्हती. ही वही मी कुणाला दाखवली नव्हती. नवऱ्यालाही वही मुलगी झाल्यावरच दिसली.

मी वाचत गेले. सुरुवातीच्या गोळ्यांना वेदनेचा आकडा शून्य होता. पण शेऱ्यात लिहिलं होतं की अंगातून वाफा निघतात, डोकं जड राहतं, आणि वरणात मीठ जास्त पडलं म्हणून अर्धा तास रडले. जाऊ म्हणाली, ते मी उपचाराशिवायबी करते.

गर्भाशयात शुक्राणू सोडण्याची प्रक्रिया, आययूआय, माझी तीनदा झाली. आकडा प्रत्येक वेळी दोन. पाळी यायच्या आधी पोट ओढतं, तसं. त्याहून त्रासदायक ठरला तो परतीचा रस्ता. पंधरा मिनिटं पडून राहिल्यावर ऑटोने घरी यायचं, आणि दवाखान्यापासूनच्या जुनवानी रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला मी पोटाशी हात धरायची. अशा धक्क्यांनी काही फरक पडत नाही, असं डॉक्टरांनी तिन्ही वेळा सांगितलं होतं.

पुढे आयव्हीएफसाठी स्त्रीबीजं काढली तेव्हा भूल होती, म्हणून शून्य. भूल उतरल्यावर पाच. पोट दोन दिवस फुगलेलं होतं आणि सलवारची नाडी बांधता येत नव्हती. नंतर कमरेत घ्यायची तेलातली इंजेक्शनं सहा होती, आणि ती रोज होती. कमरेत गाठी आल्या. गरम पाण्याच्या पिशवीला कंबर टेकून मी बातम्यांची पानं तपासली.

नवऱ्याच्या नावाची एकच ओळ होती. नमुना देण्यासाठी त्याला जी खोली मिळाली तिची कडी नीट लागत नव्हती आणि दाराबाहेर लोक बसलेले होते. काही वर्षांनी मी त्याला त्याचा आकडा विचारला, तर तो नऊ म्हणाला. ही ओळ मी जावेला वाचून दाखवली नाही.

तिने वही स्वतःकडे ओढली आणि पोटात घ्यायच्या इंजेक्शनांच्या पानावर बोट ठेवलं. बीजं वाढावीत म्हणून ही दहा-अकरा दिवस रोज घ्यावी लागतात. माझ्या नोंदीत पहिल्या पाच दिवसांचा आकडा पाच होता आणि सहाव्या दिवसापासून दोन.

“हे पाचाचं दोन कसं काय झालं? सुई बदलली?”

सुई तीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एकाच वेळी. मला स्वतःला टोचणं जमेल असं वाटत नव्हतं, म्हणून ते काम नवऱ्याकडे आलं. तो ड्यूटीला निघण्याआधी इंजेक्शन द्यायचा. आमच्या घरात जेवण, झोप, पाहुण्यांकडे जाणं, सगळ्याची वेळ ड्यूटीच्या आधी किंवा ड्यूटीच्या नंतर, अशीच सांगितली जाते. फर्स्ट शिफ्ट होती तोवर इंजेक्शन पहाटे पाचला झालं. मग शिफ्ट बदलली, सेकंड लागली, आणि इंजेक्शन दुपारी एकला झालं. दोघांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. सोनोग्राफीच्या वेळी नर्सने आमचा कागद पाहिला आणि वेळा विचारल्या. नवरा सरळ उभा राहून म्हणाला, “रोज ड्यूटी के पहले, मैडम. एक दिन भी मिस नहीं।”

जाऊ हसायला लागली ती थांबेना. तिचा नवराही प्लांटमध्येच, ठेकेदाराकडे, शिफ्टवर आहे. ती म्हणाली, आमच्याकडं तं ओव्हरटाइम लागला असता म्हणजे दोन दिवसांचं एकदमच टोचलं असतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. आठ तासांच्या फरकाने फार बिघडलेलं नाही, त्या म्हणाल्या, पण घड्याळाची एक वेळ ठरवा, आणि कागदावर सकाळचे सात लिहून त्याभोवती गोल काढला. सेकंड शिफ्टमध्ये नवरा सातला घरी असायचा, पण दोनच दिवसांनी नाईट लागणार होती आणि मग तो सातला घरी परतताना रस्त्यात असणार होता. म्हणून दुसऱ्याच दिवसापासून ते मी स्वतः घ्यावं असं ठरलं. सकाळी पलंगाच्या कडेला पोटाची कातडी चिमटीत धरून मी बसले. नोंदीत वेळ सात अठराची आहे. अठरा मिनिटं धीर होत नव्हता. मग टोचलं, आणि आकडा दोन आला. नवऱ्याच्या हाताने होत होतं तेव्हा मी छताकडे बघत वाट बघायची. माझ्या हातात असताना वाट बघायचं काही राहिलं नाही. वहीत याचं स्पष्टीकरण नाही. तिला मी ते तोंडी सांगितलं.

तो प्रयत्न यशस्वी झाला नाही, हेही सांगितलं, आणि त्याचं कारण वेळेची चूक नव्हती असं डॉक्टरांनी दोनदा स्पष्ट केलं, तेही. गोठवून ठेवलेल्या गर्भातून दुसऱ्या प्रयत्नात मुलगी झाली. आता ती पहिलीत आहे आणि त्या दुपारी पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती.

जावेने वही पुन्हा माझ्याकडे सरकवली. मग जे विचारायला ती आली होती, ते विचारलं. “अन् नळ्यांचं?”

“सात,” मी म्हटलं. “दीड मिनिट. मग तीन. संध्याकाळपर्यंत एक.”

“दीड मिनिट म्हणजे किती?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सेकंदकाटा बारावर आला तेव्हा तिने टेबलाची कड धरली. आम्ही दोघी काट्याकडे बघत राहिलो. एक फेरी झाली, मग अर्धी. पाढे सातच्या पुढे गेले होते.

तिने हात सोडले. “लय मोठं असते हो हे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पण संपते.”

वहीत नळ्यांच्या तपासणीच्या पानावर खाली एक शेरा होता: दुखण्याची गोळी आधी घेता येते, हे नंतर कळलं. तिने तो दोनदा वाचला आणि माझ्या देखत केंद्रात फोन लावला. तासभर आधी कोणती गोळी घ्यायची ते विचारून हातावर लिहून घेतलं.

शुक्रवारी मी तिच्यासोबत गेले. माझ्या नवऱ्याची सुट्टी होती, त्याने आम्हाला स्कूटरवर दोन खेपांत सोडलं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली, चप्पल काढली आणि आत गेली. मागे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बंद होतं.

वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा ओला होता, चाल हळू होती. बाकावर बसली, पाणी प्यायली.

“पाच,” ती म्हणाली. “मी मनात मोजून राहिली होती. सत्तर झाले अन् त्या बाई म्हणल्या, झालं.”

फिल्मवर दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या रेघा होत्या, टोकाशी धुरासारख्या पसरलेल्या. म्हणजे औषध पार गेलं होतं. दोन्ही नळ्या मोकळ्या. पुढच्या महिन्यापासून गोळ्या सुरू करू, डॉक्टर म्हणाल्या, मग आययूआयचं बघू. जावेने विचारलं की गोळी रोज किती वाजता घ्यायची. घड्याळातली वेळ सांगा, असंही वर म्हणाली. डॉक्टरांनी नऊ लिहिलं.

जिना उतरून आम्ही सुपेल्याच्या बाजारात आलो. तिला नारळपाणी हवं होतं. त्याआधी ती एका स्टेशनरीच्या दुकानात शिरली आणि शंभर पानांची वही घेतली. दुकानदाराचंच पेन मागून तिथे काउंटरवर उभ्या उभ्या पहिली नोंद केली. मी वाकून पाहिलं नाही. तिनेच वही माझ्याकडे फिरवली. तारीख, तपासणीचं नाव, सत्तर सेकंद, पाच. शेऱ्यात लिहिलं होतं: गोळी खाल्ली होती. ताई बाहेर बसून होत्या.