नोलीनचा तिसरा प्रयत्न

ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझा या खाणीच्या गावापासून किनाऱ्यावरच्या टाउन्सव्हिलपर्यंतचे नऊशे किलोमीटर नोलीनने एकटीने गाडी चालवली. मागे चाकांच्या गाड्यावर बांधलेली बोट, शेजारी नवरा डेस. दोन्हींपैकी बोट बरी, ती बोलत नव्हती. त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. क्लबात पत्त्यांची स्पर्धा जिंकल्याच्या आनंदात म्हातारा टेबलावर चढून नाचला आणि खांदा मोडून बसला. जीभ मात्र शाबूत राहिली.

"डावीकडे घे. अगं, डावीकडे!"

"डावीकडे गाय आहे, डेस."

एकतीस वर्षं दर जुलैत ते इथे येत. खाणीच्या गावात वर्षभर दाताखाली लाल धूळ चावत राहायची आणि मग दहा दिवस हे ऊन, हा समुद्र. त्या दहा दिवसांच्या जोरावर नोलीन बाकीचं वर्ष काढायची, डेससकट. यंदा निघतानाच डेसने पुठ्ठ्यावर 'विकणे आहे' असं रंगवून घेतलं होतं. तीन प्रयत्नांत तिला बोट पाण्यात उतरवता आली नाही, तर पाटी बोटीला आणि पुढची सुटी त्याच्या भावाकडे. भाऊ कोंबड्या पाळायचा आणि फक्त कोंबड्यांविषयीच बोलायचा.

गाडी मागे घेत बोट पाण्यात सोडायच्या धक्क्यावरच्या सिमेंटच्या उताराशी नेहमीची निवृत्त मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. सुटीवर आलेल्या लोकांनी गाडी वाकडीतिकडी मागे घ्यायची आणि यांनी दात काढायचे, हा त्यांचा उद्योग. शिवाय एक रीत होती. बोटीच्या बुडाला पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच जो विसरेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. डेसने आजवर कुणाला थेंबही पाजला नव्हता. "बूच विसरणारा माणूस पँट घालायलाही विसरेल," असं तो दरवर्षी ऐकवायचा. तो हे व्याख्यान देत असताना नोलीन मागे वाकून बूच लावत असायची.

"काय नोलीनबाई, यंदा सारथी बदलला?" म्हातारा नेव्हिल खुर्चीतून ओरडला.

"तू फक्त गाडी मागे घे," डेस तिला म्हणाला. "बोटीचं सगळं मी बघतो."

पहिल्या खेपेला बोट आडवी झाली. "एक!" नेव्हिल ओरडला. दुसऱ्या खेपेला डेसने डाव्या हाताने अशा काही खुणा केल्या, की ती थेट कचऱ्याच्या पिंपावर गेली. "दोन!"

नोलीनने आरसा फिरवला, डेस त्यात दिसेनासा होईपर्यंत. मग आरशात फक्त बोट आणि पाणी उरलं. गाडी सरळ खाली गेली, बोट तरंगली. खुर्च्यांमधून टाळ्या आल्या. गाडी वर लावताना तिला चक्क रडू आलं, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

ती परत आली तेव्हा डेस दोरी धरून उभा होता आणि बोटीचा मागचा भाग खाली चालला होता. सँडविचचा डबा आत पोहत होता.

"यंदा इंजिन जड वाटतंय," डेस म्हणाला.

"बूच लावलंस?"

"लावायचं काय? ते असतंच की तिथे!"

"असतं? एकतीस वर्षं ते आपोआप उगवत होतं का रे?"

नेव्हिलने चष्मा पुसला, डेसला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पँट तर घातलीय."

नोलीनने गाडी पुन्हा खाली आणली, एका फटक्यात. बोट वर ओढली, पाणी वाहून जाऊ दिलं, गाडीच्या खणातून बूच काढून लावलं आणि बोट परत उतरवली. या खेपेला दोरी तिने नेव्हिलच्या हातात दिली. गाडी लावून येताना ती 'विकणे आहे'ची पाटी घेऊन आली आणि डेसच्या झोळीला अडकवली.

"अगं, मी कुठे बसू?" डेसने विचारलं.

"इथेच बस. पाच वाजता येते. तोवर कुणी नेलं नाही, तर घरी घेऊन जाईन."

ती बोटीत चढली आणि तिने इंजिन सुरू केलं.