काज-बटण विभाग तोट्यात

आमच्या शेजारचे टेलरमास्तर तसे सरळ माणूस. फक्त कुणी शहाणपण शिकवलं की ते लगेच अंगावर शिवून घेतात. व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी दहा बाय बाराच्या दुकानात तीन पाट्या झळकल्या: शिलाई विभाग, काज-बटण विभाग, इस्त्री विभाग. ज्याचा त्याचा नफा वेगळा मोजायचा. काज-बटण विभाग म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई वीस वर्षं दुकानातल्याच जिन्याखाली बसून काजं करत होत्या, आणि नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालवत होत्या.

दुकानाचं भाडं नऊ हजार. मास्तरांनी ते तिघांत सारखं वाटलं.

महिनाअखेरीला म्हणाले, “ताई, तुझा विभाग पाचशेनं तोट्यात आहे. कमाई अडीच हजार, भाडं तीन हजार.”

“अरे, मी बसते दोन फरश्यांवर! तीन हजारांत पाय तरी पसरू दे!”

“हिशोबाला बहीणभाऊ कळत नाहीत. विभाग बंद.”

ताईंनी सुईदोरा उचलला आणि थेट आमच्या गॅलरीत येऊन बसल्या. मी खुर्ची दिली. भोचकपणाचा मक्ता माझ्याकडेच, त्यामुळे आठवड्यात गल्लीभर बातमी पोचवली. आणखी दोन शिंप्यांची कामं आली. मास्तरही शर्ट पाठवू लागले, अर्थात बाहेरच्या दरानं.

इकडे भाडं दोघांत आलं, साडेचार-साडेचार हजार. गेल्या महिन्यात हजाराच्या नफ्यात असलेली इस्त्री बसल्या जागी पाचशेनं बुडाली. इस्त्रीवालाही गेला. आता सगळे नऊ हजार शिलाईच्या डोक्यावर, आणि तिची कमाई सात.

“मास्तर,” मी विचारलं, “स्वतःला कधी काढताय?”

ते चिडले, पण दोन दिवसांनी गॅलरीत आले. “ताई, चुकलं. चल परत.”

ताईंनी दात लावून दोरा तोडला. “येते. पण भाडं जागेप्रमाणे वाटायचं. आणि बाहेरची कामं मी सोडणार नाही.”

“माझ्या दुकानात दुसऱ्यांचे शर्ट?”

“मग राहू दे. इथं वारा छान येतो.”

मास्तरांनी गुपचूप ताईंचं गाठोडं उचललं, त्यातल्या परक्या शर्टांसकट.