तठे आपलं कोन शे?

जळगाव स्टेशनवर आबांनी माझी बॅग स्वतः डब्यात चढवली, सीटखाली साखळीने बांधली, साखळी ओढून बघितली, समोरच्या बर्थवरच्या काकूंना "आमची मुलगी एकटी जाते आहे, जरा लक्ष असू द्या" असं सांगितलं आणि मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आबा म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात ते सगळ्यांशी अहिराणीतच बोलतात. परक्यांसाठी मात्र पुस्तकी मराठी काढतात, ठेवणीतला सदरा काढावा तशी. खिडकीतून मला त्यांनी जे विचारलं ते आपल्या बोलीत विचारलं.

"तठे आपलं कोन शे?"

तिथे म्हणजे कोइमतूरला. कापसाच्या गावची पोर, शिकलीही कापसाचंच, नि नोकरी लागली ती थेट तामिळनाडूतल्या एका सूतगिरणीत, धाग्याची तपासणी करायची. आमची पोरं पुण्याला जातात, नाशिकला जातात, सुरतेत तर अर्धं गाव आहे. कोइमतूरला आमच्या भाऊबंदकीतलं कुत्रंसुद्धा गेलेलं नव्हतं.

"आहेत ना आबा," मी म्हणाले. "ग्रुपमधली माणसं आहेत."

"त्या मोबाईलना मानसं शेतस, बेटा."

गाडी हलायला लागली तेव्हा त्यांनी अट घातली. पुढच्या वर्षीच्या श्रावणात कानबाईचा सण येईल, तोपर्यंत बघ; तोवर आपलं म्हणावं असं कोणी तिथे भेटलं नाही, तर मुकाट्याने परत ये. मी हो म्हणाले. गाडी सुटताना माणूस कशालाही हो म्हणतो.

आता ही मोबाईलमधली माणसं कोण, ते सांगितलं पाहिजे. गावात राहिलेल्या तुम्हा लोकांना मी अजून "फोनमा डोकं घालीसन बसनारी" म्हणूनच माहीत आहे, आणि माझ्यासारख्याच बॅगा बांधून गेलेल्यांना बहुतेक माझं म्हणणं आधीच कळलं असेल.

धुळ्याला मावशीकडे राहून शिकत होते तेव्हा टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका हिंदीत लागायची. नाव सांगत नाही. सांगितलं तर दोघंजण आनंदाने ओरडतील आणि बाकीचे मला वेड्यात काढतील. बेटांवर टपाल वाटणारी एक मुलगी, तिची गळकी बोट आणि बोटीवरचा एक चिडका म्हातारा, बस. मावसभाऊ म्हणायचा, एवढी घोडी झालीस नि कार्टून बघतेस? बघत होते! आणि एके दिवशी ती मालिका मधेच बंद पडली. टपालवाली धक्क्यावर उभी आहे, एक पाय घरी जाणाऱ्या बोटीत, एक पाय धक्क्यावर. संपलं. पुढे काही नाही.

इथे माझी एक खोड सांगते, म्हणजे तुम्हाला माझं दुःख कळेल. मला कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी लागतो. पुस्तकाचं शेवटचं पान मी पहिल्यांदा वाचते. लोक स्पॉयलर दिला म्हणून भांडतात, मी नाही दिला म्हणून भांडते. लग्नाला गेले की आधी मंडपामागे जाऊन पातेल्यांची झाकणं उघडून येते, त्याशिवाय मला अक्षता टाकवत नाहीत. अशा बाईच्या नशिबी बिनशेवटाची मालिका आली. हात धुऊन मागे लागले मी त्या शेवटाच्या. सायबर कॅफेत बसून शोधता शोधता कळलं की जगात माझ्यासारखी येडी आणखीही आहेत. त्यांनी एक ग्रुप काढलेला होता, आणि तिथे प्रत्येकजण आपापला शेवट लिहीत होता.

नाव काय घेणार, असं त्या साइटने विचारलं. सकाळी मावशीने कळण्याची भाकरी वाढली होती, ज्वारी नि उडदाची. म्हणून मी टाइप केलं "कळणा". तेव्हापासून ब्राझीलपासून पोलंडपर्यंत लोक मला कळणा म्हणतात. खरं नाव सांगितलं तर नाराज होतात.

इंग्रजी मी तिथे शिकले. कॉलेजात शिकवत होते ते नाही, भांडायचं इंग्रजी. टपालवालीने म्हाताऱ्याच्या नातवाशी लग्न करावं की करू नये, यावरून ब्राझीलच्या एका मुलीशी मी अख्खं सेमिस्टर भांडले, आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी पहिली शुभेच्छा तिचीच आली. मी लिहिलेल्या फॅनफिकमध्ये, म्हणजे त्याच पात्रांवर रचलेल्या माझ्या गोष्टीत, बेटावरची सगळी माणसं थंडीत शेतात जमून कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची. बेटावर कपाशी कुठून आली, हे कोणीही विचारलं नाही. पोलंडच्या एका आजोबांनी भरताची कृती मात्र मागून घेतली. माय मागून ओरडायची, "डोया फुटी जातीन तुन्हा!" डोळे फुटले नाहीत. नंबर वाढला तेवढा.

आणि सगळ्यांत मोठं भांडण होतं सेल्वीशी. माझं म्हणणं, टपालवाली बोटीत चढते आणि घरी जाते. सेल्वीचं म्हणणं, छट्, ती पाय मागे घेते आणि बेटांवरच राहते. वर्षानुवर्षं आम्ही या एका पावलावरून एकमेकींची डोकी खाल्ली. ही सेल्वी कोइमतूरची. एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. कोइमतूर स्टेशनवर मी उतरले तेव्हा ती "KALNA" लिहिलेला पुठ्ठा धरून उभी होती. काय बोलावं सुचेना, तर मी म्हणाले, "ती घरीच जाते." ती म्हणाली, "आधी जेव, मग भांडू."

मी तिला अक्का म्हणायला लागले. तिकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आपल्याकडेही वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात, त्यामुळे जीभ लगेच वळली. आबा मात्र फोनवर मानत नव्हते. चार वेळा जेवायला घातलं म्हणजे कोणी आपलं होत नाही, म्हणायचे. आणि मलाही मनातून धाकधूक होतीच. नोकरी आवडली होती. सकाळी कापडी पिशवी घेऊन स्वतःच्या पैशाची फिल्टर कॉफी प्यायला जायचं, यात काय सुख आहे ते तुम्हाला कसं सांगू! आणि आबांनी परत बोलावलं असतं तर मी गेले असते. त्यांचा शब्द मोडायची हिंमत माझ्यात नव्हती.

आता कानबाई. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, चांदीचे डोळे, नथ, खणाचं वस्त्र, सगळा थाट. कोणी कुठेही असो, त्या दिवशी घरी आलंच पाहिजे. आणि तिच्या नैवेद्याचा रोट करायचा. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात, त्या पिठाचा रोट. तो फक्त घरच्यांनी खायचा, बाहेरच्याला घासभरही द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत सगळा संपवायचा. पोरींच्या नावाची मूठ नसते. आम्ही खातो, पण मोजण्यात नसतो. लहानपणी मी विचारलं होतं, माझी मूठ कुठे? माय म्हणाली होती, "तुन्ही तुन्हा सासरले." तिथेही नसते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिल्या श्रावणात नवी नोकरी, सुट्टी मिळाली नाही. मायने रोटाचं थोडं पीठ डब्यात घालून कुरियरने पाठवलं. फोनवर बजावलं, एकटीनेच खा, कोणाला देऊ नको, पुनवेच्या आत संपव. डबा आला आणि मी तापाने आडवी झाले. अशी फणफणले की पाणी प्यायलाही उठवेना. अक्का आली ती दवाखान्यातून रजा टाकूनच. घरात दुसरं काही नव्हतं. तिने ओट्यावरचा डबा उघडला, गव्हाचं पीठ दिसलं, आणि तिच्या पद्धतीने त्याचे पातळ गोदुमै दोसे, म्हणजे आपली गव्हाची धिरडीच, घातले. मला भरवले आणि माझ्याशेजारी बसून स्वतःही खाल्ले. असं रोज, पीठ संपेपर्यंत. बिचारीला काय ठाऊक! मी शुद्धीवर येऊन बघते तर डबा घासून पालथा घातलेला.

रोट, आणि परक्या बाईने खाल्ला. घरी सांगू नये असंही वाटलं, पण कानबाईच्या बाबतीत खोटं बोलायचा धीर झाला नाही. फोन लावला. मायने ऐकलं आणि "अरे देवा" म्हणाली. मग आबा फोनवर आले. त्यांनी एवढंच विचारलं, पुनवेच्या आत संपला का? मी म्हणाले, संपला. "तुन्हाघाई एकलीघाई संपता का?" मी म्हणाले, नाही, एकटीने कुठला संपतो, मला तर घोट गिळवत नव्हता. मला वाटलं, आता म्हणतील, बॅग भर. ते म्हणाले, "पुढली कानबाईले तिले घेई ये. मंग देखसूत."

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. माझी सवय तुम्हाला सांगितलीच आहे. शेवट आधी माहीत नसला की मला झोप लागत नाही. मायला फोन करकरून विचारायची, आबा काय म्हणतात? माय म्हणायची, "ढोरं राखतस नि गप बठतस." अक्काला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडकुंडीला आली, मी तुझा देव बाटवला का म्हणून, आणि मग ग्रुपवर जाऊन सगळ्यांना सांगून टाकलं. पोलंडच्या आजोबांनी विचारलं, त्या देवीला माफीची चिठ्ठी लिहिता येते का. ब्राझीलची मुलगी म्हणाली, बाबांनी परत बोलावलं तर मी येऊन त्यांच्याशी बोलते. तिचं इंग्रजी नि आबांची अहिराणी! पण म्हणाली.

पुढच्या श्रावणात आम्ही दोघी गावी पोचलो. अक्काने दवाखान्याच्या समारंभातली गर्द जांभळी साडी नेसली होती आणि वाटेत दहा वेळा विचारलं, काय बोलू नको? मायने दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "जेवनी का?" अक्काला शब्द कळला नाही, अर्थ कळला. ती स्वतः रोज फोनवर मला "साप्टिया?" म्हणते, त्याचा अर्थ तोच. त्या दोघी दिवसभर आपापल्या भाषेत बोलत बसल्या आणि मी मधे पडले की दोघी मला उठवायच्या.

संध्याकाळी माय सूप घेऊन गहू मोजायला बसली. सगळे ओसरीवर. नानांची, म्हणजे आजोबांची मूठ पडली, आबांची पडली, काकांची, भावाची पडली. मग मायचा हात थांबला. तिने आबांकडे बघितलं. अक्का खांबाला टेकून उभी होती, आणि मी तिच्या पदराचं टोक धरून, लहान पोरीसारखी.

आबांनी घसा साफ केला. "रोट कोन खास?"

"भाऊबंदच खातस," काका म्हणाले.

"तिनी खादा. मन्ही पोरले खावाडा, उरू नही दिना. मंग ती कोन व्हयनी?"

काका म्हणाले, ते ठीक आहे, पण बायांची मूठ आपल्यात कधी होती का? आबा म्हणाले, नव्हती. आणि मायला म्हणाले, "दोन टाक."

"दोन कसाले?" मायने विचारलं. "पाव्हनी तं एकच शे."

आबांनी माझ्याकडे हात केला. "नि हाई? हाई कोन शे आपली?"

माय डोळे पुसायला थांबली नाही, तशाच ओल्या डोळ्यांनी तिने अक्काची मूठ टाकली आणि मग माझी. माझी जरा जास्तच भरून टाकली, काही दाणे सुपाबाहेर सांडले आणि काकांनीच ते वेचून आत टाकले. अक्का मला कोपराने ढोसत होती, काय झालं सांग म्हणून. मला सांगता येईना. मी नुसती हमसून हमसून रडत होते.

त्याला आता काही वर्षं झाली. मी अजून कोइमतूरलाच आहे. परत ये, असं पुन्हा कोणी म्हणालं नाही. आबा फोनवर ब्राझीलच्या पोरीचं लग्न जमलं का म्हणून विचारतात. मालिकेचा शेवट कोणी केला नाही, करणारही नाही. मी आणि अक्का अजून भांडतो, पण आता मी फार जोर लावत नाही. टपालवालीला घरी जायचं तर जाऊ दे, राहायचं तर राहू दे. तिच्या नावाची मूठ घरी टाकत असतील, तर ती कुठेही उभी असली तरी काय बिघडतं?