त्यांना चिखल कोणी लावला नाही

आमच्याकडे धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, संपली की शेवटच्या बांधीत, शेताच्या शेवटच्या तुकड्यात, बाया मालकाला धरून चिखल फासतात. तो पळतो, बाया पदर खोचून मागे लागतात, आणि मग घरी सगळ्यांचं जेवण. आमच्या ह्यांना ते फार आवडायचं. पळायचं नाटक करत हे मुद्दाम घसरून पडायचे.

वरठीच्या कारखान्यात ड्यूटी, करडीजवळच्या आमच्या गावात शेती, आणि उरलेला वेळ मोबाईल. त्या मोबाईलने ह्यांना लिबर्टेरियन केलं. मला साध्या भाषेत सांगितलं होतं, "माणसानं माणसाले मनानं मदत करावी. सरकारनं का गावानं, कोणीच दंडुका दाखवू नये." मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच ते लांबलचक लिहायचे, आणि समोरच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय थांबायचे नाहीत. ते मात्र मला मुळीच पटायचं नाही.

उन्हाळ्यात ग्रुपवर ठरलं, तलावाचा पाट साफ करायला घरटी एक माणूस, न येणाऱ्याला दंड. ह्यांनी लिहिलं, "जबरदस्ती मान्य नाही." झालं. नोटांच्या पोत्यावर बसलेल्या सुटाबुटातल्या माणसाला ह्यांचं तोंड चिकटवून कोणीतरी फोटो टाकला. खाली लिहिलं, "लिबर्टेरियन म्हणजे मतलबी. शेजारी मेला तरी ह्याइले चालते." हसणाऱ्या तोंडांची रांगच लागली. पाट साफ करायच्या दिवशी फावडं घेऊन सगळ्यात आधी हेच गेले होते, रात्रपाळी करून, न झोपता. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं त्यांनीही नंतर तो फोटो पुढे पाठवला. मला अजून त्याचा संताप येतो.

मग रोवणं आलं. गावातल्या बाया एकमेकींच्या बांधीत पाळीपाळीने जातात, मजुरी न घेता. मी सगळ्यांकडे जाऊन आले होते. आमची पाळी होती त्या सकाळी मी मोठ्या गंजात चहा चढवला. कोणीच आलं नाही. शेवटी मी शेजारणीच्या दारात गेले.

"काहून नाही आल्या वो बाई?"

ती खरोखरच गोंधळली. "तुमच्या घरी हे पाळीपाळीचं चालत नाही ना? ग्रुपवर त भाऊजी तसंच लिवतेत. आमाले वाटलं, तुमी बाहेरून मजूर सांगतले."

"मी त तुमच्याकडं आली होती."

"तुमी तुमच्या मनानं आल्या, असं वाटलं."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"मी बलावून आणते सगळ्याइले," मी म्हणाले.

"नको बलावू. बलावल्यावर आले, त मग काय राह्यलं?"

ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघांनीच रोवलं. तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले होते. शेवटची बांधी झाली तेव्हा हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून गावाच्या रस्त्याकडे पाहत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड कोरडं. मला बघवेना. मी मूठभर चिखल उचलला आणि ह्यांच्या गालाला फासला.

हे पळाले नाहीत. "तू त घरची हायेस," म्हणाले, आणि बांधीतल्याच पाण्याने गाल धुऊन टाकला.