रोद्नाचा उपास

रोद्ना श्तिप शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून शर्टांना वाफेची इस्त्री करायची. अंगानं भरलेली, हसरी बाई. पण तिची आई वारली त्या हिवाळ्यात तिची अन्नावरची वासनाच उडाली. गालफडं बसली, स्कर्ट कमरेवर ठरेना, डावी कूस ठणकायला लागली. मग एका सकाळी लघवी लाल झाली, बीट उकडलेल्या पाण्यासारखी.

तिनं ते लपवलं. पण सासू पेर्साच्या नजरेतून काही सुटत नसे.

"संडासात रक्त कसलं गं?"

"माझंच, आई. पाळीचं नाही."

"आमच्या घरात असलं कुणाला झालं नव्हतं बाई!"

पेर्साचं तोंड असं फटकळ, पण दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं तेही तिनंच.

तिथून फेरे सुरू झाले. संसर्ग असेल म्हणून गोळ्या दिल्या. जंतू निघाले नाहीत. खडा असेल म्हणून फोटो काढला, खडा नव्हता. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा रक्त डाव्या किडनीकडून उतरतंय एवढं कळलं, का ते कळलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आई गेल्याचं मनाला फार लावून घेतलंय तुम्ही."

"मनातून रक्त येतं होय?" पेर्सानं विचारलं. त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

कारखान्यातल्या बायका रोद्नाच्या पाठोपाठ संडासात जाईनात. नवरा त्राय्चोनं एकदा जेवताना विचारलं, "खरं सांग, बाहेरून कुणाकडनं काही लागलं नाही ना?" नंतर त्यानं माफी मागितली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास आला. पेर्सा म्हणाली, "डॉक्टर झाले, आता देवाला साकडं घालू. पहिले तीन दिवस पाणीसुद्धा नाही. पुढं नुसत्या उकडलेल्या शेंगा, तेलाचा थेंब नाही. मीही धरते तुझ्याबरोबर."

"आई, तुम्हाला साखरेचा आजार आहे."

"साखर माझी, पोट माझं. तू गप."

दोघी नेटानं उपाशी राहिल्या. रक्त वाढलं. आपलंच काही चुकत असेल, असं वाटून त्यांनी शेंगाही कमी केल्या. ईस्टर आठवड्यावर आला असताना रोद्ना इस्त्रीच्या टेबलाशी कोसळली.

राजधानीत, स्कोप्येच्या मोठ्या दवाखान्यात तिला रक्त चढवलं. डावी किडनी काढायचं ठरलं. "काढा," ती म्हणाली. तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याआधी एकदा स्कॅन करून घ्यावा, म्हणून तिला सिमोव्स्का नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"पोटातल्या दोन मोठ्या धमन्यांच्या बेचक्यात तुमच्या किडनीची शीर दबतेय. रक्त पुढं सरकत नाही, मागं तुंबतं, आणि किडनीतल्या बारीक शिरा फुटतात. त्या बेचक्यात चरबीची गादी असते, ती झडून गेलीय. इतक्या वाळलात कशानं?"

"उपास होता."

"कशासाठी?"

"रक्त थांबावं म्हणून."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "किडनी काढायची नाही. आधी खा, अंग धरा. नाहीच भागलं, तर शस्त्रक्रिया करून शीर मोकळी करता येईल."

हे सगळ्यात आधी सासूला सांगायचं म्हणून रोद्नानं घरी फोन लावला. त्राय्चोनं उचलला.

"आईला दे रे."

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"त्राय्चो, आईला दे."

"तू घरी येईपर्यंत घास घेणार नाही म्हणाली गं ती. साखर उतरवायची गोळी घेतली आणि तशीच उपाशी राहिली. आज सकाळी स्वयंपाकघरात पडलेली सापडली. उठलीच नाही."

दफनानंतरच्या जेवणाला रोद्ना पोचली. तिच्या ताटात माशाचा तुकडा पाहून एक शेजारीण पुटपुटली, "सासू मातीत, आणि ही बघा." रोद्नाचा हात थांबला. त्राय्चोनं आणखी एक तुकडा तिच्या ताटात वाढला.

"खा."

"जात नाही रे घशाखाली."

"तरी खा."

तिनं खाल्लं. रडत, एकेक घास गिळत खाल्लं.

शरद ऋतूपर्यंत तिचं अंग भरलं, लघवी बहुतेक दिवस साफ व्हायला लागली. कूस अजून ठणकते. कारखान्यानं तिला बसून बटणं तपासायचं काम दिलंय. ईस्टर जवळ आला की शेजारणी विचारतात, "यंदा उपास धरतेस का?" ती नाही म्हणते. कारण सांगत नाही.