फाटकापाशी न लावलेला फोन

रेल्वेचं इंजिन चालवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पूर्णेत घर केलं, तिथूनच निवृत्त झालो. इंजिनाला स्टेअरिंग नसतं, क्लचही नसतो. पण हे मी चारचौघांत कधी बोललो नाही.

बायकोच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. परतीच्या गाडीची वाट बघताना ती फलाटावरच्या बाकावर आडवी व्हायची. ओळखीचं कुणी दिसलं की पदर तोंडावर ओढायची. मला ते बघवेना. जुनी मोटार घेतली आणि गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवायला मालकाची मुलगी होती, पंचविशीतली. पहिल्या दिवशी मी सवयीनं नुसता समोर बघत बसलो आणि मोटार नालीकडं निघाली. तिनं तिच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि हसली. "काका, इथं रूळ न्हाईत. वळवावं लागतंय." मग मैदानात नेऊन तिनं मला नुसता क्लच सोडायला लावला, पुन्हा पुन्हा. "पाय हळू उचला. गाडी थरथरली की थांबा. हे जमल्याबिगर चढावर न्हेणार न्हाई मी तुमाला."

ती मला घरी सोडायला यायची, तेव्हा बायको तिला लाडू दिल्याशिवाय जाऊ देत नसे. "यान्ला नीट शिकीव गं माय," म्हणायची.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात माझ्या जुन्या सोबत्यांना हे कळलं.

"काय डायवरसाहेब, येवढाल्या गाड्या वडल्या, अन् आता पोरीच्या हाताखाली?"

"अन् ब्रेक तिच्याच पायाखाली हाय म्हनं!"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्कूलमध्ये गेलो.

लोक कारण विचारू लागले. मी सांगितलं, ती मोबाइलवर बोलत शिकवते, एकदा मला ट्रकखाली घालत होती. साफ खोटं होतं. पण इंजिन चालवलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. आमच्या गल्लीतल्या दोन सुनांनी तिच्याकडं जाणं सोडलं. बायकोला मात्र मी वेळ जमत नाही एवढंच सांगितलं होतं.

नव्या शिक्षकाच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होतेच. माझा पाय चुकला की त्याचा पाय काम करायचा. वर म्हणायचा, "साहेब, तुमाला काय शिकवायचं! तुमच्या रक्तातच हाय." मला गोड वाटायचं. परीक्षा सपाट जागेवर झाली. परवाना मिळाला.

बायकोला घेऊन पहिल्यांदा निघालो, तर रेल्वेफाटक लागलेलं. तिथं रस्ता चढत जातो. गाडी गेली, फाटक उघडलं, मी क्लच सोडला आणि मोटार बंद पडली. पुन्हा चालू केली, ती मागं घरंगळली. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ बाबा, झोपलाव का? काढा की फुडं!" पुन्हा बंद. शेजारी बायको होती, आणि तिच्या पायाशी ब्रेक नव्हता. बघता बघता फाटक पुन्हा लागलं.

"त्या पोरीला फोन लावा," बायको म्हणाली. "यील ती."

मी मोबाइल कानाला धरला. नंबर लावलाच नाही. थोडा वेळ थांबून म्हणालो, "उचलना ती."

"आनखी एकदा लावा ना वो."

पुन्हा तसाच धरला.

लोकांनी मोटार ढकलून कडेला लावली. रिक्षा मिळवून परभणीला पोचेपर्यंत तिची पाळी दुसऱ्या पेशंटला गेली होती. उद्या या, म्हणाले. रात्रभर तिला आडवं होता येईना, इतकी धाप लागली. मी पाठीशी उशा रचत होतो आणि ती तुटक तुटक बोलत होती, "येवढं लाडू खाऊ घातलं... अन् साधा फोन उचलला न्हाई."

त्यातून ती वाचली. काही महिन्यांनी बाजारात ती मुलगी समोर आली. "काकू, कशा हाव?" म्हणत जवळ आली. बायकोनं तोंड फिरवलं. जन्मात कुणाकडं पाठ न केलेली बाई. मुलगी तिथंच उभी राहिली, आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघत. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बायको तोच राग मनात ठेवून वारली. ती मुलगी भेटायला आली, दाराशी चपला काढून बायकांत बसली, डोळे पुसून गेली. तेव्हाही मी बोललो नाही.

मोटार अजून दारात उभी आहे. त्या मुलीनं फोन उचलला नाही असं नव्हतं. तिचा फोन वाजलाच नव्हता.